पासशिवाय प्रवेश नाही!

अंधेरीच्या सीप्झमध्ये नाइट शिफ्ट करणाऱ्या कुणालाही विचारा, इथे भुताची जागा कुठली? उत्तर ठरलेलं : 'ते पडकं चर्च.' जॉइन झाले त्याच आठवड्यात चहा पिताना मलाही ही स्टोरी मिळाली. पांढऱ्या कपड्यातली बाई, रात्री वाजणारी घंटा, सगळं एकदम रेडिमेड!

मी मूळची कुंडलची. आमच्याकडे पोरं पत्री सरकारच्या गोष्टी ऐकत मोठी होतात. १९४३ साली शेणोलीला पगाराची गाडी कशी लुटली, हे म्हातारी माणसं काल घडल्यासारखं सांगायची. त्यामुळे मला भुतापेक्षा वेगळाच प्रश्न पडला. चर्च आहे, मग त्याचं गाव कुठाय?

गाव होतं कोंडिविटे. हो, महाकाली लेण्यांना ज्याचं नाव आहे तेच. पोर्तुगीज जेझुइटांनी १५७९ मध्ये इथे सेंट जॉन द बॅप्टिस्टचं चर्च बांधलं. अडीचशेहून जास्त वर्षं ते नांदतं होतं. मग १८४० च्या सुमारास साथ आली आणि लोक चंबूगबाळं उचलून शेजारच्या मरोळला गेले. तिथे नवं चर्च झालं. जुन्याचं छप्पर गेलं, भिंतींत झाडं शिरली. १९७३ मध्ये सीप्झ आलं आणि हे अवशेष थेट कंपाउंडच्या आत!

आता गंमत बघा. आपण गळ्यात आयकार्ड अडकवून रोज बिनधास्त आत जातो. आणि ज्यांच्या खापरपणज्यांची लग्नं इथे लागली, त्या ईस्ट इंडियन मंडळींना गेटवर परवानगी लागते. वर्षातून एकदा, मे महिन्यात, इथे उघड्या आभाळाखाली मिस्सा होत आलीय. तेवढाच काय तो हक्काचा दिवस.

आमच्या फ्लोअरवर मरोळची एक सीनियर आहे. (तिच्या डब्यातल्या बॉटल मसाल्याच्या कोळंबीवर वेगळा लेख होईल!) ती सांगते, 'आमच्या घरी या जागेला भूतबीत कुणी म्हणत नाही. जुनं देऊळ म्हणतात. आमची माणसं तिथल्या मातीत आहेत.' तिची आजी मिस्सेला यायची ती नवी साडी नेसून, माहेरी निघाल्यासारखी.

परवा एका नव्या मुलाने तिलाच ती पांढऱ्या कपड्यातल्या बाईची स्टोरी रंगवून सांगितली. हिने शांतपणे डबा बंद केला आणि विचारलं, 'मराठी बोलते का रे ती? मग आमच्यातलीच कुणीतरी असणार. पास मागू नका म्हणावं तिला.'