सोमवारचा हिशेब, हिमायतनगर, हैदराबाद

सकाळी ६.३०. नारायणगुड्याकडे फिरायला. नवं डांबर पडलेला रस्ता वळणावर खचलाय. फोटो काढते, वहीत तारीख टिपते. कंत्राटदारानं फुकट दुरुस्ती करायची मुदत, म्हणजे दोषदायित्व कालावधी, संपलाय की नाही, हे तारखेवरच ठरतं.

८.३०. वॉचमनची बायको दारात. "अम्मा, माझी पेन्शन का येत नाही, विचारा ना त्यांना." पण माहिती अधिकारात 'का' विचारलं की अर्ज गेला. अधिकाऱ्यानं असलेला कागद द्यायचा, कारणं सांगत बसायचं नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं २००८ मध्येच म्हटलंय. मग आम्ही लिहितो: माझी दरखास्त कोणाच्या टेबलावर किती दिवस होती, तिच्यावर कोणी काय शेरा मारला, त्याच्या प्रती द्याव्यात. अशी मागणी गेली की पुष्कळदा प्रतीच्या आधी पेन्शनच येते!

११.०० लिबर्टीजवळ महापालिकेच्या मुख्यालयात प्रजावाणी, म्हणजे लोकांच्या तक्रारींची सुनावणी. निवेदनं देणारे पुष्कळ, पोच मागणारे थोडे. माझा माहितीचा अर्जही इथेच द्यायचाय. शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय मी खिडकी सोडत नाही. उत्तराचे ३० दिवस तिथून मोजतात.

दुपारी २.०० नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगरहून भाच्याचा फोन. "आत्या, चार पानी अर्ज केलाय."
"फाड तो." महाराष्ट्रात २०१२ पासून एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द. इकडे तेलंगणात गावपातळीवर अर्जाला शुल्कसुद्धा नाही. निजामाच्या एकाच राज्यातली ही दोन्ही हिमायतनगरं!

४.०० अपिलांची फाइल. पहिल्या अपिलाला फार तर ४५ दिवस. दुसऱ्याला कायद्यात मुदतच नाही. खरी गोम इथे आहे. माहिती दडपणाऱ्याला रोज २५० रुपये, कमाल २५,००० दंड आहे, पण तो लावणार माहिती आयोग. तेलंगणाच्या आयोगात फेब्रुवारी २०२३ पासून मे २०२५ पर्यंत एकही आयुक्त नव्हता. कायदा जागच्या जागी, खुर्च्या रिकाम्या. सरकारला कायदा बदलायची गरजच काय? नेमणुका लांबवल्या की झालं.

६.३०. वॉचमनची बायको पुन्हा. उद्या मंगळवार, बेगमपेटच्या प्रजाभवनात तक्रार घेऊन जाऊ का म्हणते. डिसेंबर २०२३ पासून त्या फाटकावर आपल्या जोतीराव फुल्यांचं नाव आहे. "जा, पण नोंदणीचा क्रमांक घेऊन ये. महिन्यानं त्याच क्रमांकावर कार्यवाहीचे कागद मागू."