दिवसभर उभे राहणाऱ्यांची रात्र

कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर रात्री साडेनऊच्या सुमारास कापडदुकानांची शटर्स खाली येऊ लागतात. मालक गल्ल्याचा हिशेब जुळवत असतात आणि काउंटरमागे एखादी तरुण विक्रेती दिवसभरात उलगडलेल्या साड्यांच्या शेवटच्या घड्या घालत असते. सकाळपासून ती उभी असते. घरी पोहोचेपर्यंत दहा वाजून जातात. श्रावकाच्या घरची असेल, तर तिचा डबा सूर्यास्तापूर्वीच दुकानात आटोपलेला असतो. गरम ताटावर बसून शीण घालवण्याची सोय तिला रात्री नसते. मग ती भिंतीला पाठ टेकते, पाय लांब करते आणि मोबाइलवर ‘कौन बनेगा करोडपती’चा एखादा जुना भाग लावते. स्पर्धक कुठे अडणार आणि किती जिंकणार, हे तिला ठाऊक असते. तरीही ती पाहते.

घरातील वडीलधाऱ्यांना हे खटकते. सामायिक नाही, स्वाध्याय नाही, आणि पाहिलेलेच पुन्हा काय पाहायचे, असा त्यांचा प्रश्न असतो. तो अगदीच निराधार नाही. अनर्थदंडाच्या प्रकारांत प्रमादचर्येची गणना आहे आणि निष्प्रयोजन वेळ घालवणे श्रावकाला शोभत नाही. मात्र या पाहण्याला प्रमाद म्हणण्यापूर्वी त्यामागचा थकवा समजून घ्यायला हवा.

दुकानातील श्रम केवळ हातापायांचे नसतात. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ साली विमानातील सेविकांच्या कामाचा अभ्यास मांडताना ‘भावनिक श्रम’ ही संकल्पना पुढे आणली. स्वतःच्या मनात काहीही असले तरी समोरच्यासाठी चेहऱ्यावर प्रसन्नता राखणे, हाही नोकरीचाच भाग असतो. विक्रेतीचे काम याच जातीचे. चाळीस साड्या उलगडून झाल्यावर गिऱ्हाईक ‘पुन्हा येतो’ म्हणून उठते, आणि तिला हसून ‘या हं ताई’ म्हणावे लागते. एखादी विक्री का फिसकटली, याचे उत्तर बहुधा मिळतच नाही.

जुन्या प्रश्नमंजूषेत याच्या उलट घडते. ब्रिटनमध्ये १९९८ साली सुरू झालेल्या मूळ कार्यक्रमावरून घेतलेला ‘कौन बनेगा करोडपती’ ३ जुलै २००० रोजी स्टार प्लसवर आला. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय आणि त्यांतील एकच बरोबर. अडले, तर मित्राला दूरध्वनी करण्याची किंवा प्रेक्षकांचे मत घेण्याची मुभा. त्याच वर्षी मुंबईचे हर्षवर्धन नवाथे पहिले करोडपती ठरले. पण दुकानातून आलेल्या तरुणीचे लक्ष रकमेपेक्षा त्या खुर्चीकडे अधिक असते. एका सामान्य माणसाला तेथे सन्मानाने बसवले जाते. अमिताभ बच्चन यांच्यासारखा अभिनेता त्याला ‘आप’ म्हणतो, त्याच्या गावाची, घरच्यांची विचारपूस करतो आणि उत्तरासाठी थांबतो.

झी मराठीवर २००४ साली सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’चे जुने भागही याच कारणाने पाहिले जातात. आदेश बांदेकर घरी येत, ‘वहिनी’ म्हणून हाक मारत, खेळ घेत. आणि जिंकणाऱ्या गृहिणीला पैठणी मिळे. दिवसभर दुसऱ्यांच्या खांद्यावर पैठणीचा पदर टाकून दाखवणाऱ्या मुलीला ती घटका का आवडते, हे वेगळे सांगायला नको.

विसाव्याला मर्यादा मात्र हवी. पूर्वी दूरदर्शन संचावर भाग संपला, की खेळ संपत असे. आता पुढचा भाग आपोआप सुरू होतो आणि झोपेचे दोन तास निघून जातात. आपल्याकडे सामायिकाचा काळ दोन घटिकांचा, म्हणजे ४८ मिनिटांचा. दूरचित्रवाणीच्या नियमांप्रमाणे तासाला १२ मिनिटांपेक्षा अधिक जाहिराती नसाव्यात. म्हणजे तासाभराच्या कार्यक्रमाचे जाहिरातींखेरीज उरतात तेही ४८ मिनिटेच. एक भाग पाहून मोबाइल बाजूला ठेवण्याचा नियम घेणे कठीण नाही. वडीलधाऱ्यांनीही उपदेशाऐवजी त्या वेळी शेजारी बसून एखाद्या प्रश्नाचे उत्तर द्यावे. नंतर पाच मिनिटे नमोकार मंत्राचा जप सर्वांनी मिळून करणे मग सहज जमते.

तथापि, सारा संयम त्या मुलीकडूनच अपेक्षिणे न्याय्य नाही. समाजातील अनेक कुटुंबांची स्वतःची दुकाने आहेत. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध यांचा समावेश आहे. पशूंइतकेच ते आपल्या आश्रयाने काम करणाऱ्या माणसांनाही लागू होतात. दिवाळीच्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि नेमकी तेव्हाच दुकानात गर्दी उसळते. अशा वेळी रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्या मुलीला डब्यासाठी वीस मिनिटे न सोडणे, हा अन्नपाननिरोध नव्हे काय? दहा तास बसू न देणे, हा अतिभार नव्हे काय?

केरळात विक्रेत्या महिलांनी बसण्याच्या हक्कासाठी दीर्घकाळ लढा दिला. २०१८ साली तेथील दुकानविषयक कायद्यात बसण्याच्या सोयीची तरतूद झाली. २०२१ साली तामिळनाडूनेही तशी दुरुस्ती केली. व्रतधारी दुकानदाराने याबाबतीत कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. काउंटरमागे दोन स्टुले ठेवावीत, गिऱ्हाईक नसताना बसण्यास मोकळीक द्यावी आणि सूर्यास्तापूर्वीची जेवणाची वेळ वेळापत्रकातच लिहून ठेवावी. एवढे झाले, तर रात्री घरी परतणारी मुलगी थोडी कमी थकलेली असेल. तो जुना खेळ ती कदाचित तरीही लावील. पण तो संपल्यावर आईशी दोन शब्द बोलण्याइतके त्राण तिच्यात उरलेले असेल.