दूरस्थ बालपालकत्व

परदेशातील दारिद्र्यग्रस्त मुलाच्या अन्नवस्त्राचा व शिक्षणाचा नियमित खर्च एखाद्या व्यक्तीने किंवा मंडळीने धर्मादाय संस्थेमार्फत उचलण्याची पद्धती. दाता व मूल यांची बहुधा प्रत्यक्ष भेट होत नाही. छायाचित्र, पत्रे व वार्षिक वृत्तांत यांच्या द्वारे त्यांचा संबंध राहतो. ही पद्धती मुख्यतः प्रॉटेस्टंट ख्रिस्ती मिशनांनी रूढ केली व पुढे धर्मनिरपेक्ष संस्थांनीही ती उचलली. मराठीत तीस ‘प्रायोजकत्व’ असेही म्हणतात. कायदेशीर दत्तकविधानाशी तिचा संबंध नाही. मुलाचे नाव, कुल, वारसा यांत तिने काही फरक पडत नाही.

या पद्धतीची मुळे एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत जातात. अमेरिकन बोर्डाचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस आले आणि त्यातून पुढे अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. मुंबई व श्रीलंका येथील मुलांच्या शिक्षणासाठी अमेरिकेतील मंडळ्यांनी ठराविक वार्षिक रक्कम द्यावी, अशी आवाहने त्याच सुमारास होऊ लागली. श्रीलंकेतील शाळांत तर देणगीदाराने सुचविलेले नाव मुलास देण्याचा प्रघात होता. दानाच्या बदल्यात मुलाची ओळखच बदलण्याचा हा प्रकार पुढे मागे पडला. परंतु दात्याला ‘आपले’ असे एक मूल हवे असते, हे तेव्हाच ध्यानात आले होते.

महाराष्ट्रात या साहाय्याला मोठे स्वरूप आले ते दुष्काळांमुळे. १८९६–९७ व १८९९–१९०० या दोन दुष्काळांत हजारो मुले निराधार झाली. न्यूयॉर्कच्या ख्रिश्चन हेरल्ड या साप्ताहिकाने वर्गणी गोळा केली. १९०० मध्ये मक्याने भरलेले क्विटो हे जहाज मुंबईस आले आणि त्यानंतर पश्चिम भारतातील मिशनांनी सांभाळलेल्या अनाथ मुलांचा खर्च वाचकांनी वाटून घेतला. एका मुलासाठी वर्षाला पंधरा डॉलर, असा हिशेब होता. अहमदनगर व आसपासच्या मिशन-केंद्रांतील मुलांना या निमित्ताने सुतारकाम, विणकाम यांसारखे उद्योग शिकविण्यात आले. दुष्काळ सरला, तरी मुले वाढतच होती. धान्याचे जहाज एकदाच पाठवून भागते, मुलाचा खर्च मात्र दहा-बारा वर्षे चालतो. नियमित वर्गणीची गरज या साध्या वस्तुस्थितीतून निर्माण झाली.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचे कार्य या संदर्भात विशेष बोधप्रद आहे. त्यांच्या अमेरिकेतील व्याख्यानांमुळे डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टन येथे अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. दहा वर्षे साहाय्य करण्याचे त्याने पत्करले. गावोगावच्या ‘रमाबाई मंडळां’तील सभासद वर्षाला लहानशी वर्गणी देत. या पैशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले व पुढील वर्षी ते पुण्यास हलले. सदनात धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, अशी अट होती. तथापि काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात, यावरून १८९३ मध्ये वाद पेटला. केसरीने कडक टीका केली, म. गो. रानडे, रा. गो. भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली घरी नेल्या. वस्तुतः बालविधवांना आश्रय देणाऱ्या संस्था त्या काळी अगदीच थोड्या होत्या, आणि घरी परतलेल्या मुलींच्या शिक्षणाची सोय टीकाकारांपैकी फारच थोड्यांनी केली. उलट, निराश्रित बालिकेपुढे उपासनेची मुभा कितपत मोकळी असते, हा टीकाकारांचा प्रश्नही पोकळ नव्हता. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली व स्त्रिया केडगावी आणल्या. १९०० च्या सुमारास मुक्ती सदनातील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली होती. तेथील कार्य उघडपणे ख्रिस्ती होते व त्यास इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथून देणग्या येत.

पहिल्या महायुद्धानंतर या साहाय्याला संघटित रूप आले. एग्लंटाइन जेब (१८७६–१९२८) यांनी १९१९ मध्ये लंडनला सेव्ह द चिल्ड्रन फंड काढला. त्यांनी तयार केलेला बालहक्कांचा जाहीरनामा राष्ट्रसंघाने १९२४ मध्ये स्वीकारला. चीनमधील निर्वासित मुलांसाठी १९३८ मध्ये निघालेली संस्था पुढे ख्रिश्चन चिल्ड्रन्स फंड या नावाने ओळखली जाऊ लागली. वर्ल्ड व्हिजन (१९५०) व कंपॅशन (१९५२) यांची बालपालकत्वाची कामे कोरियन युद्धातील अनाथांपासून सुरू झाली. जर्मनीतील डुइसबुर्ग येथे १९५९ मध्ये निघालेल्या किंडरनोटहिल्फे या संस्थेच्या आरंभीच्या पाल्यांत भारतीय मुले होती.

कार्यपद्धती : स्थानिक केंद्र—शाळा, वसतिगृह किंवा चर्च—मुलाची निवड करते. त्याचे छायाचित्र, वय, घरची परिस्थिती व क्रमांक यांची नोंद परदेशी कार्यालयाकडे जाते. दात्याने मासिक रक्कम देण्याचे मान्य केले, की मूल त्याच्या नावे नोंदले जाते. वर्षातून काही वेळा मूल पत्र लिहिते. ते भाषांतरित होऊन पाठविले जाते व उत्तर उलट वाटेने येते. या पत्रांचा साचा पुष्कळदा ठरलेला असतो : अभ्यास चांगला चालला आहे, पाऊस झाला, नाताळची भेट मिळाली, आपली आठवण येते. वडिलांची नोकरी गेली किंवा धाकटी बहीण शाळेत जात नाही, हे त्यात क्वचितच येते. पत्रव्यवहार सांभाळण्यातच कार्यकर्त्यांचा मोठा वेळ जातो, ही या पद्धतीतील जुनी अडचण आहे; मात्र दाता वर्षानुवर्षे टिकतो तो या पत्रांमुळेच, हेही खरे. पूर्वी रक्कम थेट त्या मुलावर खर्च होई. पुढे अनेक संस्थांनी ती एकत्र करून पाणी, आरोग्य, शाळा यांवर वस्तीसाठी खर्चण्याचे धोरण स्वीकारले. तेव्हा छायाचित्रातील मूल हे लाभार्थी कमी व प्रतिनिधी अधिक झाले. सर्वच दात्यांना हा फरक स्पष्ट करून सांगितला गेला, असे नाही.

मुंबईसारख्या शहरात या पद्धतीच्या मर्यादा विशेष जाणवतात. वडाळ्याजवळील अँटॉप हिल हे त्याचे उदाहरण म्हणून घेता येईल. मिठागरांच्या कडेला असलेल्या या भागात केंद्र सरकारी नोकरांची मोठी वसाहत आहे, लगतच्या शीव-कोळीवाड्यात फाळणीनंतर पंजाबी निर्वासित वसले आणि पुढे टेकडीच्या आसपास नाना प्रांतांतील श्रमिकांच्या झोपडवस्त्या वाढल्या. अशा वस्तीतील मूल बहुधा अनाथ नसते. त्याचे आईबाप कामावर जातात, घरात तीन-चार भावंडे असतात आणि झोपडी हटविली गेली, की सारे कुटुंब दुसरीकडे जाते. चौघांतून एकाचीच निवड झाली, तर दप्तर व बूट एकाला मिळतात आणि इतर तिघे पाहत राहतात. घर सोडून रेल्वेने शहरात आलेल्या मुलाला तर पत्ताच नसतो. वार्षिक छायाचित्र व वृत्तांत यांच्या चौकटीत ते बसत नाही. सेलेशियन संघाने वडाळा येथे १९८७ मध्ये सुरू केलेले शेल्टर डॉन बॉस्को हे केंद्र अशा मुलांसाठी आहे. फलाटावरील मुलाशी ओळख करणे, त्याला निवारा देणे, शिकविणे व शक्य तेथे घरी पोहोचविणे, असे त्याच्या कामाचे स्वरूप. मूल घरी परतले, की हे काम सफल होते. प्रायोजकत्वाच्या हिशेबात मात्र तेच मूल ‘गळाले’ असे धरले जाते. मुंबईतच १९७९ मध्ये रिपन कपूर व त्यांच्या मित्रांनी स्थापलेल्या क्राय या धर्मनिरपेक्ष संस्थेने भारतीयांकडूनच निधी जमवून मुलांसाठी झटणाऱ्या छोट्या संस्थांना साहाय्य करण्याचा मार्ग धरला.

टीका व परीक्षण : न्यू इंटरनॅशनॅलिस्ट या नियतकालिकाने १९८२ मध्ये या पद्धतीवर कठोर टीका केली. मुलाचे दैन्य विक्रीस मांडणे, एकाची निवड करून इतरांना डावलणे व गरिबीच्या कारणांकडे दुर्लक्ष करणे, हे तिचे मुख्य मुद्दे होते. १९९८ मध्ये शिकागो ट्रिब्यूनच्या वार्ताहरांनी स्वतः मुले प्रायोजित करून शोध घेतला, तेव्हा काही ठिकाणी मदत नाममात्र पोहोचत असल्याचे आढळले. एक मूल तर मृत असूनही देणगी घेतली जात होती. याच्या उलट बाजूस, वायडिक, ग्लेवे व रटलेज या अर्थशास्त्रज्ञांनी भारतासह सहा देशांतील १०,१४४ व्यक्तींची माहिती तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष मांडला, की कंपॅशनच्या साहाय्याने मुलांचे शालेय शिक्षण सरासरी १.०३ ते १.४६ वर्षांनी वाढले व प्रौढपणी बरी नोकरी मिळण्याची शक्यताही वाढली. हे निष्कर्ष एकाच संस्थेपुरते असले, तरी सारा व्यवहारच निष्फळ आहे, हे म्हणणे त्यांपुढे टिकत नाही.

परकीय पैसा व धर्मांतर यांचा संबंध हा भारतातील सतत गाजणारा प्रश्न आहे. तत्कालीन मध्य प्रदेश शासनाने नेमलेल्या नियोगी समितीने १९५६ मध्ये मिशनांच्या परदेशी निधीबाबत प्रतिकूल मत दिले. विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम प्रथम १९७६ मध्ये व नव्या स्वरूपात २०१० मध्ये झाला. २०२० च्या दुरुस्तीने असा निधी दुसऱ्या संस्थेस वर्ग करण्यास बंदी केली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आणली. दरम्यान २०१६ मध्ये कंपॅशनला पूर्वपरवानगीची अट लागू झाली व मार्च २०१७ मध्ये तिने भारतातील काम थांबविले. त्या वेळी तिच्याकडे सुमारे १,४५,००० भारतीय मुलांची नोंद होती. वर्ल्ड व्हिजन इंडियाची या कायद्याखालील नोंदणी जानेवारी २०२४ मध्ये रद्द झाली. कंपॅशनबाबत शासनाचा आक्षेप धर्मप्रसारावर होता, तर त्या संस्थेने तो नाकारला. पण पत्रव्यवहार तुटला तो मुलांचा. वीस वर्षांच्या आश्वासनावर उभारलेली मदत एका आदेशाने थांबू शकते, हा धोका मुलाच्या छायाचित्राखाली कधीच छापलेला नसतो.

बालपालकत्वाची कल्पना आता भारतीय कायद्यातही आली आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये प्रायोजकत्वाची तरतूद असून मिशन वात्सल्य योजनेच्या २०२२ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार पात्र मुलामागे दरमहा ४,००० रु. दिले जातात. महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. या योजनांत मूल आपल्या कुटुंबात किंवा नातेवाइकांकडे राहते व त्याला कोणास पत्र लिहावे लागत नाही.