रेंज गेली, तरी वाट जाऊ नये!

मागच्या पावसाळ्यात आम्ही चौघं चिखलदऱ्याला गेलो होतो. फोनमधल्या नकाशात पुढचा पॉइंट जेमतेम आठशे मीटरवर दिसत होता. "एवढंच? चाल न बे, पायीच जाऊ," म्हणत आम्ही रस्ता सोडला. अर्ध्या तासात समोर कडा, खाली धुकं आणि फोनला रेंज नाही. आल्या पावली परत फिरलो, म्हणून आज हे लिहितेय. नकाशा खोटा नव्हता. तो रस्त्यांचा होता, चढ-उतार त्यात नव्हताच.

चढ-उतार दाखवतो तो स्थलनिर्देशक नकाशा, म्हणजेच आपला टोपोशीट. भूगोलाच्या प्रॅक्टिकलला त्यातल्या समोच्च रेषा तुम्ही गिरवल्या असतील. एका रेषेवरची सगळी ठिकाणं सारख्याच उंचीवर असतात. रेषा लांब लांब असतील तर चढ सोपा, एकमेकींना खेटल्या असतील तर समोर कडा. बस्स, एवढं कळलं तरी अर्धं काम झालं.

गंमत म्हणजे भारत मोजायच्या कामाशी आपल्या विदर्भाचं जुनं नातं आहे. 1802 मध्ये मद्रासहून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू करणारा विल्यम लॅम्ब्टन हे काम करता करताच 1823 मध्ये हिंगणघाटला वारला. तेव्हा उंची मोजायला माणसं डोंगर चढायची. आज तोच नकाशा तुम्ही होस्टेलच्या खोलीत फुकट बनवू शकता.

सुरुवात 'ओपनटोपोमॅप'पासून करा. ब्राउझरमध्ये उघडा, नरनाळा किंवा गाविलगड शोधा, रेषा लगेच दिसतील. सर्व्हे ऑफ इंडियाच्या पोर्टलवर नोंदणी केली की 1:50,000 चे नकाशे पीडीएफमध्ये मिळतात. स्वतःचा नकाशा करायचा असेल तर 'क्यूजीआयएस' हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. फेब्रुवारी 2000 मध्ये एन्डेव्हर यानाने रडारने पृथ्वीची उंची मोजली. तो डेटा मोफत डाउनलोड करून क्यूजीआयएसच्या रास्टर मेनूमधून काँटूर काढा आणि अंतर 20 मीटर ठेवा. त्यावर 'ओपनस्ट्रीटमॅप'मधल्या वाटा, नाले, गावं टाका.

प्रिंट 1:25,000 ला काढा, म्हणजे कागदावरचे 4 सेंटिमीटर जमिनीवरचा 1 किलोमीटर. ए-फोर कागदावर साधारण 5 बाय 7 किलोमीटर मावतात. झेरॉक्सवाल्या दादांना 'फिट टू पेज' नको, 'शंभर टक्के' करा म्हणून सांगा; नाहीतर प्रमाण बिघडतं. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि तोच भाग फोनमध्येही ऑफलाइन घेऊन ठेवा. जीपीएसला रेंज लागत नाही.

आता वेळ काढा. स्कॉटलंडच्या नेस्मिथने 1892 मध्ये सांगितलेला नियम सोपा आहे: दर 5 किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाला आणखी एक तास. समजा वाट 4 किलोमीटरची आहे आणि ती चढताना 15 रेषा ओलांडते. म्हणजे चढ 300 मीटर. चालायची 48 मिनिटं आणि चढाची 30, एकूण 78. वऱ्हाडातल्या उन्हात हा वेळ आणि पाणी, दोन्ही वाढवूनच धरा.

पण नकाशावर डोळे झाकून विश्वास नको. या डेटात साधारण 30-30 मीटरवर एक उंची आहे. त्यामुळे उभा कडा नकाशात गुळगुळीत उतार होऊन बसतो. पंधरा मीटरचा कडा तर दोन रेषांच्या मधे लपूनही जाईल. दाट झाडीत रडार जमिनीऐवजी झाडांचे शेंडे मोजतं. म्हणून गावातल्या काकांना वाट विचाराच.

आणखी एक. मेळघाट हा व्याघ्र प्रकल्प आहे, नरनाळाही त्याच जंगलात येतो. नकाशात वाट दिसली म्हणजे जायची परवानगी मिळाली, असं नाही. वनविभागाच्या गेटवर नोंद करा, ठरवलेल्या वाटेनेच फिरा आणि नकाशाची एक प्रत घरी ठेवून जा. परतायची वेळ त्यावर लिहा. आई विचारेल, "हे काय वाकडंतिकडं काढलं?" तिला समजावून सांगा. उशीर झालाच, तर कुठं शोधायचं हे घरात कुणाला तरी माहीत हवं.