पीसी रुसलाय? आधी भिंतीकडे बघा!

बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. तरी ढिम्म! उद्या सकाळी प्रेझेंटेशन आणि ते नेमकं याच डब्यात अडकलेलं. ओळखीचं वाटतंय ना?

मित्रमंडळींत माझा हुद्दा 'फुकटातला हार्डवेअरवाला'. सावेडीपासून सुप्याच्या एमआयडीसीपर्यंत कुणाचाही पीसी बंद पडला की पहिला फोन मला, आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "गेलं रे सगळं!" अरे, थांबा. पीसी सुरू न होणं आणि डेटा जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मशीन गार पडलं तरी हार्डडिस्कवरच्या फाइल्स बहुतेक वेळा शाबूत असतात.

आमचा नगर जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर) क्षेत्रफळात राज्यात सगळ्यांत मोठा. इथे हवाही दोन तऱ्हांची. नगर-पारनेरकडे पर्जन्यछायेतली कोरडी धूळ, तर अकोले तालुक्यात भंडारदऱ्याचा धो-धो पाऊस. धूळ पंख्यात गच्च बसते आणि मशीन तापवते. दमट हवा रॅमच्या पट्टीवर थर चढवते. त्यात लाइट ये-जा करणार. बिचारा पीसी काय करेल?

लक्षण ओळखा
दिवा नाही, पंखाही नाही? मग विजेची भानगड. पंखा फिरतोय, पण स्क्रीन काळी? मग रॅम, ग्राफिक्स कार्ड किंवा मॉनिटर.

विजेची भानगड असेल तर
- त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून बघा.
- यूपीएस, एक्स्टेन्शन बाजूला ठेवा. पीसी थेट भिंतीला जोडा. यूपीएसची थकलेली बॅटरी पुष्कळदा खरी गुन्हेगार निघते.
- मॉनिटरची तीन पिनांची केबल तशीच असेल तर ती पीसीला लावा.
- मागचं एसएमपीएसचं बटण चालू आहे ना? जुन्या एसएमपीएसवर ११५/२३० असा लाल खटका असतो. आपल्याकडे तो २३० वरच हवा.
- प्लग काढून पॉवरचं बटण २०-३० सेकंद दाबून धरा. मग पुन्हा जोडा.

स्क्रीन काळी असेल तर
मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डला आहे की मदरबोर्डला, ते बघा. कार्ड असेल तर केबल कार्डलाच हवी. मग प्लग काढा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा आणि रॅम काढा. सोनेरी कडा खोडरबरने हलकेच पुसा, कचरा झटका आणि 'टक्' आवाज येईपर्यंत रॅम परत बसवा. नगरमधल्या एका मैत्रिणीला दुकानदाराने "मदरबोर्ड उडालाय, नवीनच घ्या" म्हणून सांगितलं होतं. जीएसटी रिटर्नची तारीख तोंडावर! शेवटी दुखणं निघालं रॅमचं. खर्च? एक खोडरबर.

इथे हात आवरा
एसएमपीएसचा डबा उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. जळका वास आला किंवा मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले दिसले तर सरळ मेकॅनिक गाठा. पण एसएमपीएस आपल्यासमोर टेस्ट करायला सांगा, तो चांगला निघाला तरच पुढचं बोला. आणि पीसी सुरूच होत नसताना कुणी "फॉरमॅट मारावं लागेल" म्हणालं, तर हात जोडून बाहेर पडा. वीज आणि रॅमच्या दुखण्यावर फॉरमॅट हा उपाय नाहीच.

डेटाचं काय?
हार्डडिस्क काढून दुसऱ्या पीसीला किंवा यूएसबी केसमध्ये लावली की फाइल्स सहसा दिसतात. नव्या विंडोजमध्ये मात्र डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असू शकते. त्याची रिकव्हरी की बऱ्याचदा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. ती आजच शोधून कागदावर लिहून ठेवा. पीसी रुसल्यावर ती कुठून शोधणार, बॉस?