स्पॅनिश संभाषणाचा वर्ग आणि मराठीची वाट

स्पॅनिश शिकू लागलेल्या आपल्याकडील विद्यार्थ्यास 'मला आंबा आवडतो' हे वाक्य बोलावयास सांगितले, तर तो पुष्कळदा 'यो गुस्तो एल मांगो' असे म्हणतो. 'यो' म्हणजे मी. 'गुस्तार' या क्रियापदाचे प्रथमपुरुषी एकवचनी रूप 'गुस्तो'. कोष्टकाप्रमाणे सारे यथास्थित आहे. वाक्य मात्र चुकलेले आहे. स्पॅनिश माणूस 'मे गुस्ता एल मांगो' असे म्हणतो. यातील 'मे' म्हणजे 'मला', आणि 'गुस्ता' हे क्रियापद आंब्याशी जुळते, बोलणाऱ्याशी नव्हे. आंबे अनेक असले की 'मे गुस्तान लोस मांगोस'. मराठीतही आंबा 'आवडतो' आणि आंबे 'आवडतात'; ज्यास आवडतात तो चतुर्थीत बाजूस बसलेला असतो. म्हणजे ज्याच्या तोंडी ही रचना लहानपणापासून खेळत आली, तोच ती स्पॅनिशमध्ये चुकतो. असे का व्हावे? कारण तो मराठीतून स्पॅनिशकडे गेलेलाच नसतो. तो प्रथम इंग्रजीत गेला, तेथे 'आय लाइक' हे त्यास सापडले, आणि त्याचे त्याने स्पॅनिश केले.

वर्गात बोलण्याचा सराव कसा द्यावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. परंतु त्या सरावात मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी गप्प का बसतो, याचे एक मोठे कारण या वळशात आहे असे माझे मत असल्यामुळे, दोन्ही गोष्टींचा विचार एकत्रच करावा लागेल.

दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, हैदराबादचे इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठ, यांसारख्या ठिकाणी स्पॅनिशचे पद्धतशीर शिक्षण मिळते. अशा वर्गांत देशाच्या निरनिराळ्या भागांतून विद्यार्थी येतात. पाठ्यपुस्तक सर्वस्वी स्पॅनिशमध्ये असले तरी अडलेल्या जागी समजावून सांगण्याचे काम इंग्रजी करते, आणि मिश्र वर्गात त्यास सहसा इलाज नसतो. आता असे समजू की पूर्णा नदीवरील धरणाशेजारच्या सिद्धेश्वर गावचा, औंढा नागनाथ तालुक्यातच शालेय शिक्षण झालेला एक विद्यार्थी अशा वर्गात बसला आहे. त्याच्या समोर एक नव्हे, दोन परभाषा असतात. इंग्रजीत तो डळमळीत आहे म्हणून स्पॅनिशमध्येही तो मागे पडणार, असे तो स्वतः धरून चालतो. आणि खेदाची गोष्ट ही की अध्यापकही तसेच धरून चालतात. मराठवाड्यास हा अनुभव नवा नाही. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. १९४८ पर्यंत निजामी राज्यात वरच्या शिक्षणाकडे वळणाऱ्या येथील मराठी मुलास आधी उर्दूचा उंबरठा ओलांडावा लागे. (तेव्हा हा सारा भाग परभणी जिल्ह्यात होता, हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी.) उंबरठा बदलला, घरात शिरण्याची तऱ्हा तीच राहिली.

बोलणे ही क्रिया कशी घडते, याचे विवेचन डच मानसशास्त्रज्ञ विलेम लेव्हेल्ट यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केले आहे. प्रथम काय सांगावयाचे ते मनात ठरते, मग त्यास शब्द व वाक्यरचना मिळते, आणि अखेरीस उच्चार होतो. मातृभाषेत मधली पायरी आपोआप पार पडते. परभाषेत तीच अडते, कारण तेथे प्रत्येक वेळी जाणीवपूर्वक निवड करावी लागते. बोलण्यात ओघ येणे म्हणजे ही निवड नकळत होऊ लागणे होय. ती नियम पाठ केल्याने नकळत होत नाही, आणि नुसते ऐकल्यानेही होत नाही. कॅनडात वर्षानुवर्षे अनेक विषय फ्रेंचमधून शिकलेल्या इंग्रजीभाषी मुलांना फ्रेंच उत्तम समजे, परंतु त्यांच्या बोलण्यातील व्याकरण कच्चे राही. यावरून मेरिल स्वेन यांनी १९८५ साली असे प्रतिपादन केले की ऐकणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही. स्वतः वाक्य घडविण्याची वेळ आल्यावाचून शिकणाऱ्यास आपल्यातील उणीव दिसत नाही.

आता आपल्या वर्गाचा साधा हिशोब मांडून पाहावा. तास साठ मिनिटांचा, विद्यार्थी तीस, आणि अध्यापक दोन-तृतीयांश वेळ स्वतः बोलतात असे धरले, तर उरलेल्या वीस मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्यास चाळीस सेकंद येतात. तीही बहुधा एका ठरीव साच्यात जातात: अध्यापकाने विचारावे, विद्यार्थ्याने दोन शब्दांत उत्तर द्यावे, अध्यापकाने 'बरोबर' म्हणावे. तीच वीस मिनिटे जोड्या पाडून दिली तर प्रत्येकास दहा मिनिटे मिळतात. जोड्यांमुळे वर्गात गलबला होतो, हा आक्षेप खरा आहे. पण संभाषणाच्या वर्गात शांतता असणे हे काही भूषण नव्हे.

जोडीस बोलण्याचे निमित्त मात्र खरे हवे. दोघांस सिद्धेश्वरचा एकच कच्चा नकाशा द्यावा. एकाच्या नकाशावर धरण व कालवा दाखविलेला, दुसऱ्याच्या नकाशावर शाळा व बसथांबा. एकमेकांस विचारल्यावाचून कोणाचाही नकाशा पुरा होत नाही. अशा प्रकारे कामाकडे लक्ष वेधून भाषा शिकविण्याचा महत्त्वाचा प्रयोग एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील साध्या शाळांत, इंग्रजीसाठी केला होता. त्यांनी व्याकरण सांगण्याचे जवळजवळ वर्ज्य केले. तेवढे मात्र मला मान्य होत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

दुसरा प्रकार कीथ मॉरिस यांनी १९८३ साली मांडला. विद्यार्थी एक विषय एका श्रोत्यास चार मिनिटे सांगतो. मग तोच विषय दुसऱ्यास तीन मिनिटांत, आणि तिसऱ्यास दोन मिनिटांत. न्यूझीलंडमधील पॉल नेशन यांनी या पद्धतीचा अभ्यास केला तेव्हा बोलण्याची गती वाढून अडखळणे कमी झाल्याचे आढळले. आशय तोच असल्यामुळे मनावरील भार उतरतो व सारे बळ वाक्यरचनेस मिळते. विषय अर्थातच विद्यार्थ्याच्या माहितीतला हवा. माद्रिदच्या भुयारी रेल्वेचे तिकीट कसे काढावे हा पाठ्यपुस्तकी विषय हिंगोलीच्या मुलास परका. पण हळद काढल्यावर ती शिजवितात, उन्हात वाळवितात, पॉलिश करितात आणि मग विकावयास नेतात, हे तो डोळे मिटून सांगेल. 'ला कुर्कुमा से इएर्बे, से सेका, से बेंदे' एवढ्या तीन क्रियापदांनिशी पहिली चार मिनिटे सुरू होऊ शकतात. पहिल्या खेपेस तो अडखळेल. तिसऱ्या खेपेस हळद वसमतच्या बाजारात पोचलेली असेल.

या सरावापूर्वी पाच-दहा मिनिटे मराठीस द्यावीत, अशी माझी सूचना आहे. ज्या वर्गात सारेच मराठीभाषी आहेत तेथे ती आजही अमलात येऊ शकते. 'प्रत्यक्ष पद्धती'चे अभिमानी मातृभाषेस वर्गाबाहेर ठेवतात. आपल्याकडे प्रत्यक्षात मराठीच तेवढी बाहेर राहते व इंग्रजी आत बसते. त्यामुळे जी साम्ये आयती हाती यावयाची ती झाकली जातात. 'मी घर पाहिले' पण 'मी पेद्रोला पाहिले', हा भेद स्पॅनिशमध्ये जसाच्या तसा आहे: 'बी ला कासा', परंतु 'बी आ पेद्रो'. इंग्रजीतून शिकणाऱ्यास हा 'आ' स्वतंत्र नियम म्हणून पाठ करावा लागतो. 'मी औंढ्यास गेलो' आणि 'मी औंढ्यास जात असे' यांतील अंतर 'फुई' आणि 'इबा' या दोन रूपांत आहे. इंग्रजीचे साधे भूतकाळी रूप दोहोंसाठी चालत असल्याने ते नजरेस येत नाही. 'त्याने यावे अशी माझी इच्छा आहे' हे म्हणताना आपण विध्यर्थ वापरतो. 'किएरो के बेंगा' यातील 'बेंगा' हे रूप अशाच इच्छेसाठी योजलेले आहे. पेला फुटला असता आपण 'माझ्या हातून पडला' असे म्हणतो, 'मी पाडला' असे म्हणत नाही. स्पॅनिश माणूसही 'से मे कायो एल बासो' म्हणून तीच सुटका करून घेतो.

मराठी सर्वत्र वाट दाखविते असे मात्र नव्हे. 'ती शिक्षिका आहे' आणि 'ती आजारी आहे' यांत आपणास एकच 'आहे' पुरतो. स्पॅनिशमध्ये पहिल्यास 'एस' व दुसऱ्यास 'एस्ता' लागतो, आणि हा भेद सरावानेच अंगवळणी पाडावा लागतो. 'मी पोळी खाल्ली', 'मी आंबा खाल्ला' यांत क्रियापद खाल्लेल्या वस्तूमागे जाते. स्पॅनिश 'कोमी' खाणाऱ्यास सोडत नाही. शिवाय आपल्या कानास आकारान्त विशेषण पुल्लिंगी वाटते, तर स्पॅनिशमध्ये 'ब्लांका' स्त्रीलिंगी व 'ब्लांको' पुल्लिंगी. ही विसंगतीही तुलनेनेच ध्यानात येते, म्हणून प्रभूंप्रमाणे व्याकरण अजिबात गाळणे मला परवडण्यासारखे वाटत नाही.

उच्चारांविषयी थोडक्यात. स्पॅनिशचे त आणि द हे आपल्यासारखे दंत्य आहेत. इंग्रजीच्या सवयीने 'ताको'चा 'टाको' होतो, म्हणून आरंभीचे शब्द फळ्यावर देवनागरीतही लिहावेत. 'पेरो' म्हणजे 'पण' व 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. 'भुर्र' म्हणता येणाऱ्यास हे जड नाही. आणि 'फुलानो' हा शब्द तर मराठवाड्यात कोणासही परका वाटू नये: आपला 'फलाणा' आणि तो एकाच अरबी शब्दापासून आले आहेत.

चुका केव्हा सुधाराव्यात हा प्रश्न उरतो. जोड्या बोलत असताना अध्यापकांनी मध्ये पडू नये. वही घेऊन फिरावे व ऐकलेले टिपावे. सराव संपल्यावर त्यांतील तीन-चार वाक्ये, बोलणाऱ्याचे नाव न घेता, फळ्यावर लिहावीत आणि शेजारी तेच मराठीत कसे म्हणतो हे वर्गाकडूनच काढून घ्यावे. 'यो गुस्तो'च्या शेजारी 'मला आवडतो' लिहिले गेले, की पुढचे बहुधा विद्यार्थीच सांगतात.