बिमिनी ते मायामी : आधी यादी, मग इंजिन

बहामाच्या बिमिनी बेटावरून छोट्या विमानानं मायामी जेमतेम अर्ध्या तासावर. पण अमेरिकेला खबर द्यायची ती उड्डाणाच्या किमान ६० मिनिटं आधी. मे २००९पासून खासगी वैमानिकाला हे बंधनकारक आहे. विमानातल्या प्रत्येकाचं, अगदी तान्ह्या बाळाचंही, नाव, जन्मतारीख आणि पासपोर्टचा तपशील 'ई-एपिस' या ऑनलाइन यंत्रणेत भरायचा. नुसती यादी पाठवून भागत नाही. होकाराचं उत्तर आल्याशिवाय चाक हलवायचं नाही. ऐनवेळी एखादा पाहुणा वाढला, तर यादी दुरुस्त करून पुन्हा होकाराची वाट बघायची.

एवढ्यावर सुटका नाही. जिथं उतरायचं, तिथल्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांची उतरण्याची परवानगी वेगळी. ती सहसा फोनवर घेतात. इंटरनेटच्या जमान्यात जुनाट वाटेल, पण ई-एपिसचा होकार म्हणजे ही परवानगी नव्हे. उतरायचं तेही नेमून दिलेल्या विमानतळावरच. अमेरिका सोडतानाही यादी द्यावी लागतेच.

नियम मोडल्यास वैमानिकाला पहिल्या वेळी ५,००० डॉलर, त्यानंतर दर वेळी १०,००० डॉलर दंडाची तरतूद आहे.